पेरुंगुडीतील गारवा : सदनिकेसाठी वातानुकूलन यंत्राची निवड

बदलीचा आदेश हाती पडला की बँक कर्मचाऱ्याच्या घरात सामानाची बांधाबांध सुरू होते. नागपूरहून चेन्नईला निघालेल्या कुटुंबाच्या ट्रकमध्ये एक वस्तू बहुधा न चुकता चढते, ती म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यातील जुना सोबती असलेला कूलर. पेरुंगुडीतील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत हा कूलर खिडकीशी मांडला जातो, त्यात पाणी भरले जाते आणि मोठ्या विश्वासाने बटण दाबले जाते. तासाभरातच अंथरूण ओलसर लागू लागते, अंगावरचा घाम वाळेनासा होतो आणि घरातील वृद्ध आजी कूलर बंद करून नुसता पंखाच लावण्याची सूचना करतात. कूलरमध्ये कोणताही बिघाड झालेला नसतो. बदललेले असते ते हवामान.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणले, तर वातानुकूलन यंत्राची निवड हा केवळ चैनीचा प्रश्न राहत नाही. घरात वयोवृद्ध माणूस असेल, तर रात्रीची झोप आणि प्रकृती यांच्याशी तो निगडित असतो. शिवाय एकदा घेतलेले यंत्र पुढची दहा वर्षे वीजदेयकातून स्वतःची किंमत पुन्हा पुन्हा वसूल करीत असते. म्हणूनच दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

कूलर येथे का हरतो?

कूलरचे तत्त्व माठासारखेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक आणि गारवाही अधिक. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेले तापमान ही या गारव्याची शेवटची मर्यादा होय. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा 44 अंश सेल्सिअसवर आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर ही मर्यादा सुमारे 25 अंश इतकी खाली असते. चेन्नईत पारा 36 अंशांवर आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर तीच मर्यादा 30 अंशांच्या घरात जाते. म्हणजे कमी तापमानाच्या गावी कूलर कमी गारवा देतो आणि वर खोलीत बाष्पाची भर घालतो.

चेन्नईकर मे महिन्यातील कडक उन्हाच्या पर्वाला ‘अग्नी नक्षत्रम्’ किंवा ‘कत्तिरी’ म्हणतात. कत्तिरी म्हणजे आपले कृत्तिका नक्षत्र. 31 मे 2003 रोजी नुंगमबाक्कम वेधशाळेत 45 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. मात्र येथील रहिवाशाला जेरीस आणते ती केवळ दुपारची काहिली नव्हे. रात्रभर न उतरणारा दमट उकाडा त्याला अधिक छळतो. या शहरात यंत्राने तापमान उतरवण्याइतकेच हवेतील बाष्प काढणेही आवश्यक असते. वातानुकूलनाचा जन्मही याच गरजेतून झाला. 1902 मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हता. दमट हवेने कागद फुगू नये आणि रंग एकमेकांवर नीट बसावेत, हा तो हेतू होता.

नळमार्गाविना गारवा

मोठ्या इमारतींत एका ठिकाणी थंड केलेली हवा पत्र्याच्या रुंद नळमार्गांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत नेली जाते. त्यासाठी छताखाली जागा सोडावी लागते आणि खोटे छत बांधावे लागते. नऊ-दहा फूट उंचीच्या सदनिकेत हे सहसा परवडत नाही. डक्टलेस पद्धतीत हवा प्रवास करीत नाही, शीतक वायू करतो. खोलीतील भिंतीवरचा भाग हवेतील उष्णता शोषतो, तांब्याच्या दोन बारीक नळ्यांतून वायू ती उष्णता घराबाहेर नेतो आणि बाहेरचा भाग ती मोकळ्या हवेत टाकतो. बाजारात ‘स्प्लिट एसी’ या नावाने जे यंत्र ओळखले जाते, ते हेच.

सदनिकाधारकापुढे साधारणतः तीन पर्याय असतात. पहिला, प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्प्लिट यंत्र. हा सर्वांत सोपा आणि दुरुस्तीला सोयीचा मार्ग. एक यंत्र बंद पडले, तरी दुसऱ्या खोलीत रात्र काढता येते. दुसरा, मल्टी-स्प्लिट. यात बाहेरच्या एकाच भागाला दोन ते पाच खोल्यांतील भाग जोडलेले असतात. बाहेर जागा कमी असेल किंवा गृहसंस्थेने दर्शनी भिंतीवर यंत्रे टांगण्यास मनाई केली असेल, तर तो उपयोगी पडतो. परंतु त्याची किंमत अधिक असते, आणि बाहेरचा भाग बिघडला की सगळे घर एकदम तापते. तिसरा, मोठ्या घरांसाठी असलेली व्हीआरएफ यंत्रणा. जपानच्या डायकिन कंपनीने 1982 मध्ये ‘व्हीआरव्ही’ या नावाने तिचा प्रारंभ केला. दोन-तीन शयनगृहांच्या सामान्य सदनिकेला तिची गरज क्वचितच भासते. खिडकीत बसणारे यंत्र स्वस्त आणि बसवण्यास सुलभ खरे, पण त्याचा आवाज खोलीतच येतो आणि ते खिडकी कायमची अडवते.

‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचे, हिवाळ्यात ऊबही देणारे यंत्र चेन्नईत घेणे म्हणजे कधी न वापरायच्या सोयीसाठी पैसे मोजणे होय.

टनाचे गणित

यंत्राचा ‘टन’ म्हणजे त्याचे वजन नव्हे. बर्फाने गारवा निर्माण करण्याच्या काळापासून हे परिमाण चालत आले आहे. 2,000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, ती क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत ती सुमारे 3.5 किलोवॅट भरते.

साधारण आडाखा असा की, 100 ते 120 चौरस फुटांच्या शयनगृहाला एक टन आणि 180 चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला दीड टन पुरतो. परंतु हा आडाखा आंधळेपणाने वापरू नये. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आहे काय, पश्चिमेची भिंत दुपारभर तापते काय, खिडक्यांच्या काचा किती मोठ्या आहेत, खोलीत किती माणसे झोपतात, या प्रश्नांची उत्तरे क्षेत्रफळाइतकीच महत्त्वाची असतात. वरच्या मजल्यावरील 130 चौरस फुटांच्या पश्चिमाभिमुख खोलीला दीड टन लागू शकतो, तर मधल्या मजल्यावर पूर्वेकडच्या तेवढ्याच खोलीला एक टन पुरू शकतो. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप देणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करणे, जाड पडदे लावणे हे उपाय यंत्रापूर्वी करावेत. त्यांचा खर्च एकदाच होतो आणि त्यांना वीज लागत नाही.

‘थोडे मोठेच घेऊन टाका’ हा दुकानदाराचा सल्ला दमट हवामानात विशेष घातक ठरतो. हवेतील एक लिटर पाणी काढण्यासाठी यंत्राला सुमारे 0.68 युनिट इतकी उष्णता शोषावी लागते. तासाला एक लिटर पाणी निचरत असेल, तर दीड टनी यंत्राची जवळजवळ एक-अष्टमांश क्षमता केवळ बाष्प काढण्यात खर्च होत असते. हे काम कॉइल सलग थंड राहिली तरच होते. प्रमाणाबाहेर मोठे यंत्र खोलीचे तापमान झटपट उतरवून थांबते. तोपर्यंत बाष्प पुरेसे निघालेले नसते, आणि माणसाला गार पण चिकट वाटत राहते. मग तो तापमान आणखी कमी करतो आणि देयक वाढते.

इन्व्हर्टर पद्धतीचा उपयोग येथेच होतो. जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो, नाही तर बंद असतो. इन्व्हर्टर यंत्राचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-अधिक करतो. 1981 मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने घरगुती यंत्रात ही पद्धत आणली. रात्रभर मंद वेगाने चालणारे यंत्र वीज वाचवते आणि, आकार योग्य असल्यास, बाष्पही सातत्याने काढत राहते. या ‘इन्व्हर्टर’चा वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी काहीही संबंध नाही, हे येथे नमूद करणे अस्थानी ठरणार नाही.

तारे आणि पैसे

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 नुसार 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली आणि 2006 मध्ये तारांकित लेबलांची योजना सुरू झाली. खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना हे लेबल 2010 पासून सक्तीचे आहे. लेबलवरील ‘आयसीर’ हा आकडा विशेष पाहण्यासारखा असतो. संपूर्ण हंगामात यंत्राने जितकी उष्णता काढली, तिला त्यासाठी लागलेल्या विजेने भागले की हा आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितके यंत्र काटकसरी.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. जुलै 2022 मध्ये लागू झालेल्या कोष्टकात स्प्लिट यंत्राला पाच ताऱ्यांसाठी किमान 5.0 आणि तीन ताऱ्यांसाठी किमान 3.8 इतका आयसीर आवश्यक ठरला, त्यापूर्वी 4.5 वर पाच तारे मिळत होते. तेव्हा जुना साठा सवलतीत मिळत असेल, तर तारे मोजण्याऐवजी लेबलवरील वर्ष आणि आयसीरचा आकडा वाचावा.

अधिक ताऱ्यांसाठी जास्त किंमत द्यावी काय? याचे उत्तर वापराच्या तासांत दडलेले आहे. लेबलवरील वार्षिक वीजवापर 1,600 तास गृहीत धरून काढलेला असतो. उदाहरणादाखल, 3.8 आयसीरचे यंत्र इतक्या तासांत 1,000 युनिटे वापरते असे धरू. तेवढ्याच गारव्यासाठी 5.0 आयसीरच्या यंत्राला 760 युनिटे लागतील. बचत 240 युनिटांची. युनिटचा दर 8 रुपये धरल्यास वर्षाला 1,920 रुपये वाचतील, आणि दोन्ही यंत्रांच्या किमतींत 9,000 रुपयांचा फरक असेल, तर तो पाच वर्षांच्या आत भरून निघेल. चेन्नईत उन्हाळा लांबलचक असतो. रोज रात्री यंत्र चालणाऱ्या खोलीत वापर 2,400 तासांवर गेला, तर बचत 2,880 रुपयांची होईल आणि फरक सुमारे तीन वर्षांत वसूल होईल. याउलट, वर्षाकाठी जेमतेम 500 तास वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत बचत केवळ 600 रुपयांची होते आणि फरक फिटायला 15 वर्षे लागतात. त्या खोलीला तीन तारे पुरेसे आहेत.

या हिशेबात दर कोणता धरावा, हेही महत्त्वाचे आहे. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. दिवे, पंखे आणि फ्रिज यांचा वापर खालच्या टप्प्यांत सामावतो. वातानुकूलनाची युनिटे त्यावर चढतात आणि सर्वांत महागड्या टप्प्यात मोजली जातात. म्हणून सरासरी दराऐवजी आपल्या देयकातील शेवटच्या टप्प्याचा दर धरूनच बचत काढावी.

वायूची निवड

पूर्वीच्या यंत्रांतील आर-22 हा वायू ओझोन थराला अपायकारक असल्याने 1987 च्या मॉन्ट्रियल करारान्वये मागे पडत गेला. त्यानंतर आलेला आर-410ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो सुमारे 2,088 पट तापमानवाढ घडवतो. आर-32 चा हाच आकडा 675 आहे, तर आर-290, म्हणजे शुद्ध प्रोपेन, याचा अगदी नगण्य. मात्र आर-32 सौम्य आणि आर-290 तीव्र ज्वलनशील असल्याने गळतीची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ ही समजूत चुकीची आहे. वायू बंद मार्गातच फिरतो. तो कमी झाला, तर कोठे तरी गळती आहे, आणि ती शोधल्याविना पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

खारा वारा, दलदल आणि पूर

पेरुंगुडीचे भौगोलिक स्थान यंत्राच्या आयुष्यावर थेट परिणाम करते. पूर्वेला काही किलोमीटरांवर बंगालचा उपसागर आहे. दुपारी येणारा समुद्रवारा सुखद असला, तरी तो मिठाचे सूक्ष्म कण आणतो. दुसऱ्या बाजूला पळ्ळिकरणैची दलदल आहे. 2022 मध्ये तिला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तिच्या कडेलाच महानगरपालिकेचा कचरा डेपो अनेक दशके वाढत गेला. सडणाऱ्या कचऱ्यातून आणि सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळवंडवतो व कुरतडतो. म्हणून कॉइल तांब्याची आहे एवढे ऐकून समाधान मानू नये. तिच्यावर आणि पंखांवर गंजरोधक लेप आहे काय, बाहेरच्या भागाचा पत्रा व स्टँड गंज टाळणारे आहेत काय, आणि गंजामुळे झालेल्या गळतीला हमी लागू होते काय, हे लेखी विचारून घ्यावे. वर्षातून दोन-तीनदा बाहेरची कॉइल साध्या पाण्याने, कमी दाबाने धुतल्यास मीठ साचत नाही.

एप्रिल 2022 मध्ये या डेपोला लागलेली आग काही दिवस धुमसत होती. अशा वेळी अनेकांना वाटते की वातानुकूलित खोलीतील हवा आपोआप शुद्ध होते. स्प्लिट यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा फिरवते. त्याच्या जाळीत धूळ अडकते, धुराचे सूक्ष्म कण नव्हे. त्याच कारणास्तव, एरवी खोलीची खिडकी दिवसातून काही वेळ उघडणे आवश्यक असते.

दलदल म्हणजे पावसाचे पाणी सामावणारी नैसर्गिक खोलगट जागा. तिच्या काठावर वस्ती वाढली आणि पाण्याला जागा उरली नाही. डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीत आणि डिसेंबर 2023 च्या ‘मिचाँग’ चक्रीवादळात दक्षिण चेन्नईतील वेळचेरी, पळ्ळिकरणै, पेरुंगुडी हा पट्टा पाण्याखाली गेला. म्हणून बाहेरचा भाग तळमजल्यावरील वाहनतळाच्या कोपऱ्यात जमिनीलगत ठेवू नये. 2015 आणि 2023 मध्ये इमारतीत पाणी कोठवर चढले होते, हे जुन्या रहिवाशांना विचारावे आणि त्याहून वर मजबूत कट्टा किंवा स्टँड घ्यावा. यंत्र पाण्यात बुडालेच, तर ते वाळल्यासारखे दिसले, तरी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय वीज जोडू नये.

वरच्या मजल्यांवर वेगळा विचार करावा लागतो. 12 डिसेंबर 2016 रोजी ‘वर्धा’ चक्रीवादळाने चेन्नईला झोडपले होते. भिंतीवर टांगलेल्या यंत्राचे स्टँड आणि खिळे असा वारा सोसतील असे असावेत, आणि यंत्र अशा जागी असावे की दुरुस्तीला आलेल्या कामगाराला जीव धोक्यात घालून लोंबकळावे लागणार नाही. बाल्कनी किंवा इमारतीत ठेवलेला कट्टा याला उत्तम.

बसवणी : निम्मे यश

उत्तम यंत्रही वाईट बसवणीने वाया जाते. नळ्या जोडल्यावर त्यांतील हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढणे आवश्यक असते. घाईत हे काम टाळले जाते आणि कॉम्प्रेसर अकाली निकामी होतो. नळ्या शक्य तितक्या आखूड असाव्यात आणि त्यांवरील वेष्टन अखंड असावे, अन्यथा दमट हवेत त्या ठिबकू लागतात. पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूस सलग उतार हवा. यंत्रासाठी 16 अँपिअरची स्वतंत्र जोडणी, योग्य एमसीबी आणि खात्रीची अर्थिंग असावी. जुन्या इमारतीत मंजूर वीजभार पुरेसा आहे की नाही, हे आधी पाहावे.

निचरणारे पाणी गटारात सोडण्याऐवजी बादलीत साठवता येते. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईची जलाशये जवळजवळ कोरडी पडली आणि हा परिसर टँकरच्या पाण्यावर तगला, तेव्हा अशा बादल्यांचे मोल अनेकांना कळले. हे पाणी पिण्याचे नव्हे. फरशी पुसण्यास आणि कुंड्यांना मात्र चांगले.

वापरात तापमान 24 ते 26 अंशांवर ठेवून सोबत छताचा पंखा मंद चालवावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून यंत्रे 24 अंशांवर सुरू होतील अशीच घडवण्याचे बंधन घालण्यात आले, त्यामागील विचार हाच आहे. आतील जाळी दर पंधरवड्याला धुणे हे काम घरच्या घरी दहा मिनिटांत होते.

हप्ते आणि विमा

22 सप्टेंबर 2025 पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. तरीही दोन यंत्रांचा खर्च मोठाच असतो आणि अनेकजण हप्त्यांचा मार्ग धरतात. ‘शून्य व्याज’ अशी जाहिरात दिसली की एक प्रश्न अवश्य विचारावा : रोखीने घेतल्यास किंमत किती? रोखीची सूट नाकारलेली असेल किंवा प्रक्रिया शुल्क आकारलेले असेल, तर तेच व्याज होय. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते.

पूरप्रवण भागात घरातील सामानाचा विमा दुर्लक्षू नये. 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात पुरासह नैसर्गिक आपत्तींचा समावेश आहे. घराच्या इमारतीचा विमा घेतल्यास विमारकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, सामानालाही संरक्षण मिळते. यंत्राचे देयक आणि हमीपत्र यांची प्रत घराबाहेर किंवा संगणकात जपून ठेवावी. पुरात यंत्राबरोबर कागदही भिजतात.

आता त्या नागपूरकर कुटुंबाकडे वळावे. हा सारा हिशेब मांडल्यावर आजींच्या पूर्वेकडील खोलीसाठी एक टनाचे पाच तारांकित इन्व्हर्टर यंत्र योग्य ठरते, कारण ते रोज रात्री चालणार आहे. पश्चिमेच्या, गच्चीखालील मोठ्या शयनगृहाला दीड टन लागेल, आणि तत्पूर्वी गच्चीला पांढरा लेप. दिवाणखान्याला तूर्त पंखा पुरेसा आहे. तेथे वाचलेले पैसे चांगल्या बसवणीवर आणि विम्यावर खर्च व्हावेत. आणि तो कूलर? तो स्वच्छ पुसून माळ्यावर ठेवावा. बँकेच्या नोकरीत पुढची बदली कधी आणि कोठे होईल, हे कोणी सांगावे. विदर्भात परतल्यावर त्याच्याइतका इमानी सोबती दुसरा नाही.